नाकं पाहणारा माणूस

“याले कोनाचा हात लागला?”

दारातून आत पाऊल टाकलं की त्यांचा हा पहिला प्रश्न. मग समोर काचेची बशी असो, चिमटा असो, की आपण प्रेमाने पुढे केलेला चहाचा कप. साठ सालाच्या आसपास मी अमरावतीच्या एका दवाखान्यात ड्रेसर होतो, रोग्यांच्या जखमा धुऊन बांधायचो. ते तिथल्या लॅबमध्ये जंतू तपासायचे; सगळे त्यांना लॅबवाले म्हणत. संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण कपाचा कान रुमालाने पुसून मगच चहा पिणारा मी एकच पाहिला. मला त्यांचा भारी राग यायचा.

त्या वर्षी आमच्या वॉर्डात ऑपरेशनच्या जखमा चिघळू लागल्या. चांदूर बाजारचा एक शिंपी हर्नियासाठी आला होता, दहा दिवसांत घरी जायचा. महिना झाला तरी पडूनच. पेनिसिलिनची सुई रोज टोचत होतो आणि पू काही थांबत नव्हता. सगळ्यांची बोटं सगुणाबाईकडे वळली. ती वॉर्डातली आया, अलीकडेच बौद्ध झालेली. “तीच घाण घेऊन येते,” असं सगळ्यात मोठ्याने मीच म्हणालो. आज लिहितानाही लाज वाटते. तिला घरी बसवलं आणि कायमचं काढायचं घाटू लागलं.

लॅबवाल्यांनी मात्र सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. मोठ्या डॉक्टरांच्याही.

“नाकं समद्यांचे पाहीन. माह्यावर बी भरोसा नाई मले,” म्हणत स्वतःच्याही.

जखमा चिघळवणारे जंतू बऱ्याच नाकांत निघाले. पण पेनिसिलिनला न जुमानणारे, शिंप्याच्या जखमेतल्यासारखे, एकाच नाकात. तरी त्यांचा विश्वास बसेना. दोन्ही नमुने त्यांनी मुंबईला पाठवले. तिथे जंतूंचं कूळ जुळवून पाहायची सोय होती. उत्तर आलं त्या दुपारी ते माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

“भाऊ, नाक तुमचं हाय.”

“माझं? अहो, मी चिमटे वीस-वीस मिनिटं उकळतो!”

“चिमटे उकयता. बोटं उकयता का? खिशात काय हाय?”

तपकिरीची डबी. दोन जखमांच्या मधे मी चिमूटभर ओढायचो आणि बोटं ॲप्रनला पुसून पुढच्या खाटेकडे वळायचो.

“सायबाले तुमी सांगता का मी सांगू? आन् त्या बाईले बोलवायले तुमीच जा.”

गेलो. आधी साहेबांकडे, मग तिच्या घरी. सगुणाबाईने सगळं ऐकून घेतलं, चूल विझवली आणि दुसरं लुगडं नेसून कामाला निघाली. माझ्याशी ती वर्षभर बोलली नाही.

पुढे लॅबवाल्यांची बदली अकोल्याला झाली. तिथेच त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी भेटायला गेलो. तिथला ड्रेसर हातात ट्रे घेऊन खोळंबलेला.

“याचं नाक मी पायलं नाई,” ते मला म्हणाले. “तुमी बांधा.”

मी हात धुऊन आलो.

“डबी?”

“सोडली.”

“खिसे दाखवा.”

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. तेव्हा कुठे त्यांनी पोटावरची चादर सारली.

जखम स्वच्छ भरली. पण आतलं दुखणं राहिलंच होतं; काही महिन्यांत ते गेले. अंगणात पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. मी पाया पडायला वाकलो, हात पुढे केला आणि तसाच थांबलो. उठून रांजणाशी गेलो, घरच्यांकडे साबण मागितला. लोक बघत राहिले. मी दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले आणि मग त्यांच्या पायांना लावले.