समोरचा ब्रेक

पंचेचाळिशीत बाईनं सायकलवर डोंगर उतरू नये असं कुठं लिहिलेलं नाही. मी शोधलंही नाही. नागपूरच्या भावानं त्याची जाड टायरची, गिअरची सायकल मला दिली आणि बपेऱ्याकडच्या आमच्या गावात माझं डोकं फिरलं, एवढंच काय ते झालं. भात टाकला, झाडलोट केली, की मी निघाले डोंगराकडे. त्या उतारावर असताना मला भाजी काय करायची ते आठवत नाही. वीस वर्षांच्या संसारात असं दुसरं ठिकाण मला सापडलेलं नाही, बापा!

भावानं फोनवर सगळं शिकवलं होतं. उतार आला की सीट खाली घ्यायची आणि तिच्यावर बसायचंच नाही. दोन्ही पायडल सारख्या उंचीवर ठेवून उभं राहायचं, कोपर-गुडघे ढिले, बूड मागे. दगडाकडे बघायचं नाही, बघितलं की चाक तिकडंच जातं. जिथं जायचंय तिकडं बघायचं, दूर. मुळं आली की ब्रेक त्यांच्या आधी दाबायचा आणि मुळांवर सोडून द्यायचा. आणि थांबवतो तो समोरचा ब्रेक, मागचा नुसता मदतीला. पण समोरचा एका बोटानं, हळूच.

हे सगळं कळायला मला चांगलंच पडावं लागलं. शेवटचं पडले तेव्हा गुडघा सोलून घरी आले, आणि मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणातच निकाल दिला.

"एकदा वरून खालपर्यंत न पडता उतरून दाखव. पडली तं सायकल तुया भावाच्या घरी. हाड मोडलं तं कोन पाहीन?"

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. सायकल गेली तर माझं काय उरतं? पुन्हा नुसती भाजी! मी म्हटलं, ठीक आहे, उद्याच दाखवते.

सकाळी मामाजी माझ्याआधी उठून सायकलीची हवा बघत होते. मला वाटलं, म्हातारा विरघळला. मी खूश! मामाजी आणि माझी धाकटी जाऊ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन उभे राहिले आणि मी सायकल ढकलत डोंगरावर नेली. ढकलताना ब्रेकचं काही कामच पडलं नाही.

माघ होता. सागाची पानं गळून वाटेवर पसरली होती, पापडासारखी, खाली दगड आहे की खड्डा काही कळू देत नव्हती. मी हेल्मेटचा पट्टा लावला, देवाचं नाव घेतलं आणि सोडली.

पहिल्याच वळणाला समोरचा ब्रेक दाबला. तो सरळ मुठीला येऊन टेकला. पुन्हा दाबला. काहीच नाही!

आणि त्या क्षणी मला सकाळचं ते हवा बघणं आठवलं. आमच्या गावात नवी सायकल आली की घरचा मोठा माणूस पहिलं काम काय करतो, तर समोरचा ब्रेक काढून ठेवतो. समोरचा मारला की माणूस उलथतो, यावर सगळ्या गावाचं एकमत आहे. मुलींच्या शाळेच्या सायकली अशाच, दूधवाल्याचीही अशीच. मामाजींनी मायेनं माझ्या ब्रेकची तार सोडून ठेवली होती.

मी जे काही बोलले ते सुनेनं सासऱ्याबद्दल बोलू नये. बरं झालं, ऐकायला फक्त सागाची झाडं होती.

मागचा ब्रेक गच्च धरला तर मागचं चाक पानांवरून बाजूला पळायला लागलं. सोडला तर सायकल सुसाट. मग मी थोडा दाबायची, सोडायची, दाबायची, सोडायची. नालीच्या काठानं गेले, ऐनाच्या झाडाची मुळं ओलांडली, मुरमावर चाक घसरलं तरी हँडल ताठ धरलं नाही, ढिलंच ठेवलं. गुडघाभर उंचीचा तो दगडी टप्पा आला, ज्यानं मला आधी दोनदा आपटलं होतं. बूड पार मागे टाकलं, नजर तलावावर, आणि धप्प! चाकांवरच उतरले! अगं बाई! मला इतकं हसू फुटलं की थांबवता येईना. जीव मुठीत आणि तोंडात खिदळणं. एवढी मजा मला लग्नातसुद्धा आली नव्हती.

खाली पाळीवरून डावीकडे वळायचं होतं. नेमके तिथंच मामाजी उभे.

"हटा! मामाजी, हटा!"

ते काही हटले नाहीत, त्यांचे पायच हलेनात. मग मी डावीकडचा विचार सोडला आणि सरळ, जिथून म्हशी पाण्यात उतरतात, तिथून तलावात गेले. दोन्ही चाकं चिखलात रुतली. सायकल उभी आणि मी पायडलवर उभी.

"बाई, पाय टेकवू नोका!" जाऊ पाळीवरून ओरडली. "टेकला तं पडली म्हनतीन!"

मी आपली तशीच उभी, चिखलातल्या बगळ्यासारखी. आणि तिथूनच ओरडले, "मामाजी, समोरचा ब्रेक तुमीच काहाडला नं?"

"हाव, मीनंच काहाडला. तू पडू नये म्हनून."

"पडू नये म्हनून ब्रेक काहाडला? धन्य हाय तुमची!"

जाऊ हसता हसता पाळीवर बसलीच. वीस वर्षांत मी मामाजींपुढं आवाज चढवला नव्हता. ते धोतर खोचून पाण्यात आले आणि माझं हँडल धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट.

"पाय टेकव, माय. पडली नाईस तू," ते म्हणाले. "मले वाटलं, माया हातानंच मारलं तुले."

माझा सगळा राग तिथल्या तिथं उतरला. मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. सायकल आता माझी होती, पण ते सुचायला जरा वेळ लागला.

बाहेर आल्यावर मी तार अडकवली आणि म्हटलं, हा ब्रेक उलथवत नाही, थांबवतो. मागे झुकायचं, एका बोटानं दाबायचा. त्यांना काही पटेना. माणूस उलथतेच, ते म्हणत राहिले. मग त्यांनी स्वतःच तो ब्रेक एकदा दाबून पाहिला.

"दाखव बरं," म्हणाले, आणि उताराच्या पायथ्याशी, भर वाटेत जाऊन उभे राहिले.

"अवो मामाजी, बाजूला व्हा नं!"

"नाई होत. तू थांबशीन."

मी पुन्हा वर गेले. यावेळी हसू आलं नाही. शेवटच्या उतारावर मागे झुकले, बोट दाबलं. पुढचं चाक त्यांच्या पायांच्या पुढ्यात येऊन थांबलं. ते जागचे हलले नव्हते. डोळे मात्र गच्च मिटलेले होते.

"मामाजी, थांबली."

त्यांनी एक डोळा उघडला, चाकाकडे पाहिलं, मग दुसरा उघडला.

"हो का?" ते म्हणाले. "मंग पुन्हा एकदा ये. आता पाहातो."