नामदेवचा हात

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही. आज तुम्ही समोर बसलात असं धरून लिहिते. लिहायला माझं मीच शिकले — तेव्हा अक्षराकडे पाहू नका.

पहिले एक ऐका. माझा नेम चांगला होता. उगाच लाजू कशाला? बांधावरचं मडकं मी पहिल्याच गोळीत फोडायची. ते कापसाच्या तेजीचे दिवस. आमचा कापूस तेल्हाऱ्याहून अकोल्याला जायचा, अन् भाव असा चढलेला की वाटेत बैलबंड्या लुटल्या जायच्या. सासऱ्यांनी पिस्तूल आणलं. नवरा बैल हाकणार — मग मागे कापसावर पिस्तूल घेऊन कोण बसणार? सासऱ्यांची नजर अधू. धाकटा दीर नामदेव बसायचा, पण त्याचा नेम लागेना. माझा लागला. सासरे म्हणाले, “नाम्या शिकेपर्यंत तूच बस सूनबाई. अन् शिकव त्याले.”

शिकेपर्यंत! तो शिकला की मी परत घरात. अन् मी तर कापसाच्या ढिगावर बसून अकोला पाहिलं होतं — किल्ल्याची भिंत, बाजार, कुठकुठली माणसं. घर, वावर, विहीर, याच्यापलीकडे मी काय पाहिलं होतं हो तोवर?

नेम डोळ्याने चुकत नाही बाप्पा, बोटाने चुकतो. बार होण्याच्या धसक्याने माणूस आधीच सगळी मूठ आवळतो, चाप हिसकतो, अन् नळीचं तोंड खाली जातं. माझंही जायचं. मग मी काय करायची — रिकाम्या पिस्तुलाच्या नळीवर एक सरकी ठेवायची अन् चाप ओढायची. बाकी मूठ जशीच्या तशी, फक्त बोटाचं पेर मागे. हळू, एकसारखं, बार कधी होईल हे आपल्यालाही कळू नये इतकं हळू. सरकी पडली की चुकलं. पडता पडता एक दिवस ती पडेनाशी झाली. त्यानंतर माझी गोळी क्वचितच वाया गेली.

नामदेव तसाच हिसकायचा. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्याला उभं राहायला शिकवलं, श्वास धरायला शिकवलं, नळीच्या टोकावरच्या माशीवरून नजर लावायला शिकवलं. बोटाचं — नाही सांगितलं. तो बिचारा विचारायचा, “वयनी, माह्यं काय चुकून राह्यलं वो?”

अन् मी? मी म्हणाले, “हात थरथरते तुमचा, भाऊजी.”

थरथरत नव्हता. चांगला दगडासारखा हात होता त्याचा.

बोलणं घरातून गल्लीत गेलं. पोट्टे त्याच्या हातात पाण्याने भरलेला लोटा देऊन ओरडायचे, “पाह्य रे नाम्या, सांडशीन!” तोही हसायचा, पण लोटा दोन्ही हातांनी धरू लागला. मग त्याची सोयरीक ठरली होती त्या मुलीचा बाप अमरावतीहून आला, ओसरीवर बसला अन् सरळच म्हणाला, “पोट्ट्याचा हात आतापासूनच थरथरते म्हंतात. पुढं वावर कोन पाहीन जी?”

सासऱ्यांनी दाराकडे पाहिलं. दाराआड मी उभी. शिकवणारी मीच ना? एक वाक्य पुरे होतं — हात चांगला आहे, चाप हिसकतो, एवढंच. मी मान खाली घातली. लोकांनी ती लाज समजली, मी समजू दिली. तो माणूस न जेवता उठून गेला.

पुढे मी तेजी सरेपर्यंत बंडीवर बसले. एकदा दोघे आडवे आले, मी त्यांच्या पायाशी धूळ उडवली, ते पळाले. गावाने माझं नाव घेतलं. मला बरं वाटलं — खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. नामदेवने पिस्तूल पुन्हा मागितलं नाही. लग्नाचं नावही काढलं नाही.

मग मला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी पोर या हातातून त्या हातात फिरत होतं. मी ते नामदेवपुढे धरलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको वयनी,” तो हसत म्हणाला, “माह्या हातून पडन.”

मी पोर शेजारणीच्या हातात दिलं.