क्रीटच्या गायीचा वाटा

आम्ही स्टुटगार्टची मंडळी एकत्र कुठे गेलो की फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठतात. फोटो निदान फोनमधून पुसता येतात. किस्से मात्र दर गणपतीत, आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटायच्या आधी, पुन्हा ऐकावे लागतात. भूमध्य समुद्रातल्या क्रूझचे तर इतके झालेत की मोदक गार होतात.

निघालो सहा जण. मी, हे, आमची सात वर्षांची स्वरा, सांगलीहून आलेल्या सासूबाई, ह्यांच्या ऑफिसातले शिरीषभाऊजी आणि त्यांची नीलिमा. शिवाय माझे सोळा सोमवार. त्यातला शेवटचा नेमका क्रीट बेटावर येत होता.

संकल्प साधा होता. स्वरानं आजीशी मराठीत बोलावं. पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. आजीला जर्मन येत नाही. त्यामुळे मध्ये हे, दुभाषी म्हणून. आजीनं "जेवलीस का?" विचारलं की नात दोन मिनिटं बोलते आणि हे सांगतात, "हो म्हणतेय." पंधरा सोमवार झाले तरी हाच कारभार. पण इतक्यात आशा सोडेन तर मी कसली.

*

शिरीषभाऊजी गाड्यांच्या कारखान्यात प्लॅनिंग बघतात. त्यामुळे सहलीचं एक्सेल ओघानं आलंच. माल्टाच्या पाच हजार वर्षांना पंचेचाळीस मिनिटं होती, आइस्क्रीमला तीस.

नीलिमानं विचारलं, "आणि बाथरूम?"

"बफरमध्ये आहे, राखीव वेळेत," भाऊजी म्हणाले.

*

जहाजावर दिवसातून सहा वेळा खायला घालतात. मधल्या वेळात भूक लागू नये म्हणून केक असतो. आमच्या टेबलावर फ्राउ लांगे नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. सोमवारी मी दिवसभर जेवणार नाही हे कळल्यावर त्यांनी काळजीनं विचारलं, आजारी आहात का. म्हटलं, नाही, व्रत आहे, मुलीनं आमच्या भाषेत बोलावं म्हणून.

त्यांनी काटा खाली ठेवला. "आल्झो, म्हणजे बोलत नाही मुलगी, आणि जेवत नाही तुम्ही?"

"गेनाऊ," मी म्हटलं. अगदी बरोबर.

*

माल्टाच्या पुरातन देवळात शिरताना सासूबाईंनी चपला काढल्या. देऊळ म्हटल्यावर काढणारच. मागून एक जर्मन ग्रुप येत होता. त्यांना वाटलं, नियमच आहे. सगळ्यांनी निमूट बूट काढून रांगेत लावले. इतकी शिस्तशीर रांग आमच्या गणपतीत मी कधी पाहिली नाही.

आत देवीची दगडी मूर्ती होती, तीही फक्त कमरेखालची. सासूबाईंनी मनोभावे हात जोडले. मग गाइडनं सांगितलं की ही नक्कल आहे, खरी मूर्ती म्युझियममध्ये.

"मग माझा नमस्कार?" सासूबाईंनी विचारलं.

भाऊजींनी घड्याळ बघितलं. "म्युझियम प्लॅनमध्ये नाही, काकू. पोचला असं धरा."

*

ऱ्होड्सला बंदरावरचा तो जगप्रसिद्ध प्रचंड पुतळा बघायचा होता. भाऊजींनी वीस मिनिटं ठेवली होती. पुतळा कोसळून दोन हजार वर्षं उलटून गेलीत, ही बातमी एक्सेलपर्यंत पोचली नव्हती. तिथे आता दोन खांबांवर दोन हरणं उभी आहेत.

पण प्लॅन म्हणजे प्लॅन. वीस मिनिटं आम्ही आकाशाकडे बघत उभे राहिलो. नीलिमानं फोटोही काढला. म्हणाली, "नसलेला पुतळा छान आलाय, आमच्या लग्नाच्या फोटोत नसलेल्या शिरीषसारखा."

*

आणि मग क्रीट. सोळावा सोमवार.

केबिनमध्ये आग पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीचा दिवा लावून सकाळीच पूजा केली. घरून आणलेल्या चुरम्याचे तीन वाटे केले. एक देवाला, एक गायीला, एक मला संध्याकाळी. सासूबाईंनी बजावलं, "गायीचा वाटा गायीलाच गेला पाहिजे. नाहीतर पुन्हा पहिल्या सोमवारपासून." गायीचा डबा ह्यांच्या सॅकमध्ये गेला.

मग तिथल्या पुरातन राजवाड्याचे अवशेष बघायला गेलो, तर जिथे बघावं तिथे बैल. भिंतीवर बैल, दगडात शिंगं. सासूबाई प्रत्येकाला नंदी समजून नमस्कार करत होत्या. जिवंत गाय मात्र एकही नाही. ऊन कडक, म्हणून हे स्वराला घेऊन झाडाखाली बसले होते.

शेवटी बसच्या ड्रायव्हरला दया आली. वाटेवरच्या गावात त्याच्या मावशीची गाय होती. भाऊजींनी तिथल्या तिथे नवी ओळ घातली: गाय, पंधरा मिनिटं.

गाय चांगली तब्येतीची होती. आम्ही तिच्यापुढे रांगेत उभे राहिलो. सासूबाईंनी पदर सावरला. मी डबा उघडला.

डबा रिकामा. चाटूनपुसून.

स्वरा आजीकडे वळून जर्मनमध्ये भडाभडा बोलायला लागली. गायीकडे हात, ह्यांच्याकडे हात. आजीनं सवयीनं दुभाष्याकडे बघितलं.

"काय म्हणतेय रे?"

"ती म्हणतेय," हे म्हणाले, "बसमध्ये सांडला."

मला जर्मन येतं. पण सांडलेल्याला एखादे वेळी माफी मिळेल, खाल्लेल्याला मात्र आणखी सोळा सोमवार. मी गायीकडे बघत राहिले.

स्वरा रागानं लाल झाली. ह्यांना बाजूला सारून तिनं आजीचा पदर धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आजी, बाबा खोटं बोलतात. गायीचा वाटा बाबांनी खाल्ला."

गायसुद्धा चघळायची थांबली.

सासूबाई हळूच खाली वाकल्या. "परत म्हण बघू, बाळा."

"गायीचा वाटा बाबांनी खाल्ला," स्वरा म्हणाली. "सगळा."