खुटबावचा काळा गूळ

खुटबावला आमच्या शेजारी मारुतरावांचं गुऱ्हाळ आहे. गाव त्यांना आबा म्हणतं. आबा रस साफ करायला भेंडीचं पाणी वापरतात, गूळ पिवळा करायची पावडर टाकत नाहीत. त्यामुळे त्यांचा गूळ काळपट तांबडा होतो, आणि व्यापाऱ्याला हवा असतो पिवळाधमक. चांगला माल मागं पडतो, रंगवलेला पुढं जातो. मला याचा फार राग येतो.

गेल्या हंगामात आबाही थकले. एका व्यापाऱ्याने पावडरीचा पुडा हातात दिलाच होता. तो त्यांनी शेडच्या खुंटीला टांगला आणि सुनेला, सुवर्णाला म्हणाले, "तुझ्या त्या मोबाईलवर इकून बघ. पाडव्यापातूर शेड मोकळी झाली तर ठीक. न्हाईतर पुढच्या सालाला पुडा फोडायचा."

सुवर्णा बारावी शिकलेली. तिला वाटलं, व्हिडिओ टाकला की गूळ खपेल. कसलं काय. पहिला व्हिडिओ तिच्या माहेरच्या सतरा माणसांनी पाहिला. मग बाई हट्टालाच पेटली. व्हिडिओ काढणं, कापणं, खाली चार ओळी लिहिणं हे दौंडच्या एका मोफत वर्गात शिकली. चौकशा परराज्यातूनही यायच्या, म्हणून गुऱ्हाळावरच्या उत्तर प्रदेशातल्या कामगारांकडून हिंदी पक्की केली. वाटेत ढेप फुटणार नाही असं खोकं बांधायला शिकली. "मुंग्या लागतील का?" इथपासून "शुगरला चालेल का?" इथपर्यंत सगळ्यांना न चिडता उत्तरं द्यायला शिकली. हे शेवटचं मला जन्मात जमलं नसतं.

आणि नको ते एक शिकली, फिल्टर. रस आटवायच्या वाफाळत्या काहिलीचा व्हिडिओ तिने असा उजळवला की गूळ सोन्यासारखा दिसायला लागला. दोन दिवसांत लाखभर लोकांनी पाहिला. साठ खोकी गेली. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण फसवणारी आपली सुवर्णा असेल असं वाटलं नव्हतं.

आठवड्यात बोंब सुरू झाली. व्हिडिओत पिवळा, खोक्यात काळा. एकाने तर लिहिलं, एवढा पिवळा म्हणजे पावडरच घातली असणार. तिचा नवरा जालिंदर म्हणाला, "व्हिडिओ उडीव आन् गप बस." तिने उडवला नाही. आधी आबांना नेऊन दाखवला.

आबांनी चष्मा लावून दोनदा पाहिला. ओरडले नाहीत.

"चाळीस वर्सं मी काहिलीत पावडर टाकली न्हाई," ते म्हणाले, "तू फोनमधी टाकलीस."

सुवर्णा रडली. मी तिथंच बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आबांना काहिलीपाशी उभं केलं, हातात ढेप दिली आणि मोबाईल समोर धरून सरळ बोलली, "आधीच्या व्हिडिओतला रंग माझा व्हता, गुळाचा न्हाई. आबांचा गूळ असा हाय. ज्यांना नको, त्यांनी परत पाठवा, पैसे देते." गाणं नाही, कापाकापी नाही. टाकायच्या आधी तिने तो आबांना दाखवला.

"मी लई काळा दिसतोय गं," आबा म्हणाले.

"उजळू का?"

"न्हाई. हाय तसं ऱ्हाऊ दे."

हा व्हिडिओ काही लाखभर लोकांनी पाहिला नाही. पाच-सहा हजारांनी पाहिला असेल. वीस खोकी परत आली. बाकीच्यांनी ठेवून घेतली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी पुन्हा मागवली, काळाच पाठवा असं बजावून.

पाडव्याला मी शेडमध्ये डोकावलो तर नऊ ढेपा उरल्या होत्या. बोली मोकळ्या शेडची होती. सुवर्णा दाराशी तोंड पाडून उभी. आबांनी ढेपांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"घरात सणासुदीला लागतोच की गूळ," ते म्हणाले. मग खुंटीवरचा पुडा काढून माझ्या हातात दिला. "दौंडला चाललायस न्हवं? त्या व्यापाऱ्याचं त्याला दिऊन ये."