सगळा मेल ताईंकडे

कामणच्या रस्त्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. मालक जितेंद्रशेठ, पण कारखान्याचा सगळा पत्रव्यवहार सोळा वर्षं ऑफिस सांभाळणाऱ्या सरोजिनीताई राऊत यांच्या खासगी मेलवर चालला होता. सुरुवातीला ऑफिसात मेल फक्त ताईंकडे होता, एवढंच निमित्त. मग तोच पत्ता बिलांवर छापला गेला आणि पासवर्ड राहिला ताईंच्या डोक्यात. भाचीच्या हळदीत, बँडच्या दणदणाटात, तो त्यांना ऑफिसला फोनवर ओरडून सांगावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बदललाही. "माणसाला हळदीतसुद्धा चैन नाही," असं आपल्या गावात, उमेळ्यात, घरोघर सांगत फिरल्या. तक्रार कसली, मिरवणंच ते!

यंदा एका बड्या गिऱ्हाइकाने कळवलं, कंपनीच्या नावाचा मेल नसेल तर यापुढे ऑर्डर नाही. शेठ म्हणाले, "ताई, मेलची सेवा देणाऱ्या दोन-तीन कंपन्या बघा. तुम्ही म्हणाल ती घेऊ."

ताईंना वाटलं, मेल हातातून गेला की आपल्याला कोण विचारणार? चंदनसारहून येणारी सुरुची होतीच ऑफिसात, दहाही बोटांनी टाइप करणारी.

पण काम म्हणजे काम. त्यांनी वहीत तीन कंपन्यांचे रकाने आखले. मेलबॉक्स केवढा, खोक्यांची जड ड्रॉइंग जातील का, सगळं उतरवलं. मग जेवणाच्या सुट्टीत तिन्ही हेल्पलाइनना फोन लावले. पहिलीने नुसतं संगीत ऐकवलं. ताईंचा डबा संपला तरी ते संपेना. दुसरी सगळ्यांत स्वस्त, पण जुने मेल नव्या पत्त्यावर आणून देणार नाही म्हणाली. तिसरीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही रजेवर असता तेव्हा मेल कोण बघतं?"

"मी रजा घेतच नाही."

"कधीच नाही?" तिने इतक्या काळजीने विचारलं की ताईंना रागच आला.

दुसरी निवडायचा मोह फार झाला. जुने मेल ताईंकडेच राहिले असते, प्रत्येक जुन्या ऑर्डरीसाठी ऑफिस त्यांच्याच टेबलाशी आलं असतं, आणि स्वस्त पडलं म्हणून शेठही खूश. दोन दिवस वही उघडली आणि मिटली. पण कारखान्याचा माल आपल्या नावाखाली दाबून ठेवणं ही चोरीच, हे त्यांना मनातून पटत होतं. शनिवारी त्यांनी तिसरीपुढे खूण केली. सुरुचीला शेजारी बसवून सगळं शिकवलं, लिहूनही दिलं. जरा तोऱ्यातच, पण तेवढा हक्क होता त्यांचा.

सोळा वर्षांचे मेल सुखरूप हलले तसे शेठ म्हणाले, "ताई, आता आठ दिवस सुट्टी घ्या बघू." नवऱ्याने, आत्मारामांनी, लगेच दापोलीला समुद्रासमोरची खोली घेतली.

तीन दिवस फोन वाजला नाही. चौथ्या दिवशी चहा पिताना ताईंना राहवेना. त्यांनीच ऑफिसात फोन लावला.

"काही अडलंय का गं?"

"नाही ताई, सगळं एकदम सेट आहे," सुरुची म्हणाली. "तुम्ही लिहून दिलंय तसंच करतोय. एन्जॉय करा!"

फोन ठेवला आणि ताईंचे डोळे भरून आले. आत्माराम घाबरले. "काय झालं?"

"माझ्यावाचून काहीच अडलं नाही हो."

त्यांनी नाक पुसलं. समुद्राकडे बघत उरलेला चहा संपवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "खोली आणखी दोन दिवस मिळते का, विचारा ना."