बोटभर उजवीकडे

गल्लीत त्याला सगळे गुण्या म्हणतात. सुतार ज्या हत्याराने काटकोन तपासतात त्याचं हे नाव. चौतीस वर्षं लाकडात काढलेला हा माणूस दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी आधी टेबलाच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवून पाहतो. त्याच्या हातचं माप चुकत नाही, असं गिऱ्हाइकं सांगतात. सगळ्यात जास्त ते त्याची थोरली बहीण सांगते. तिला तो अक्का म्हणतो.

अक्का शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश शिवण्यात चाळीस वर्षं कात्री चालवून तिच्या उजव्या हाताची बोटं आखडली आहेत. नवरा गेल्यावर दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात ती एकटी राहते आणि तिथेच राहायचं म्हणते. तिची मुलगी मालवाहतुकीच्या कंपनीत कामं वाटून देते. तिचं म्हणणं वेगळं होतं: "आई, माझ्याकडे चल. तिथे खोली रिकामी पडलीय." हा वाद दोन वर्षं चालू होता. शेवटी मायलेकींनी एक तोडगा काढला. आईचा फोन लागला पाहिजे. दिवसातून कधीही लावला तरी लागला पाहिजे. तोवर ती आपल्या घरी राहील.

पण फोन लागायचा नाही. चार्जरची पिन त्या बारीक भोकात घालणं अक्काच्या बोटांना जमत नव्हतं. दोन पिना वाकल्या, एकदा फोनचं भोकच सैल झालं. दुकानदाराने बिनतारी चार्जर दाखवला: सपाट तबकडी, वर फोन ठेवायचा, की झालं. अक्काने ती आणली, पण गुळगुळीत तबकडीवरून फोन घसरायचा आणि सकाळी पाहावं तर तिच्या शेजारी नुसता पडलेला.

"त्यात काय, मी टेबलच करून देतो," गुण्या म्हणाला. "तबकडी लाकडाखाली. वर फक्त खूण. खुणेवर फोन ठेव आणि विसरून जा."

अक्रोडाच्या लाकडाचं पलंगाशेजारचं टेबल त्याने आठ दिवसांत केलं. वरची फळी चाळीस सेंटीमीटर रुंद. खालून मशीनने खोबण काढायची, चार मिलीमीटर लाकूड शिल्लक ठेवायचं आणि खोबणीत तबकडी बसवायची. लाकूड याहून जाड राहिलं तर वीज पोचत नाही. खुणेसाठी धातू चालत नाही, तो तापतो. म्हणून त्याने पांढऱ्या लाकडाची नाण्याएवढी चकती बसवायची ठरवली. चकती बरोबर मधोमध बसवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण लाकडाच्या रेषा एका जागी सुरेख वळत होत्या. ती जागा मध्यापासून एक सेंटीमीटर डावीकडे होती आणि चकती तिथेच शोभली असती. डाव्या कडेपासून एकोणीस, असं माप त्याने पक्कं केलं.

फळीच्या वरच्या अंगावर पेन्सिलीने बाण काढायची त्याची सवय. वरची बाजू कुठली आणि डावं कुठलं हे त्या बाणावरून कळतं. त्या दिवशी पॉलिश आधी करायचं म्हणून त्याने फळी घासली आणि घासताना बाण गेला. मग फळी उलटी केली, डाव्या कडेपासून एकोणीस मोजले आणि खोबण काढली. उलट्या फळीचं डावं म्हणजे सुलट्या फळीचं उजवं, हे शिकाऊ सुताराला पहिल्या महिन्यात सांगतात.

तबकडी चकतीच्या दोन सेंटीमीटर उजवीकडे बसली. गुण्याने स्वतःचा मोठा फोन ठेवून पाहिला, चार्जिंगची खूण दिसली, आणि दहा सेकंदांत त्याने तो उचलला.

अक्काचा फोन लहान. तो कधी पकडायचा, कधी अर्ध्यातच सोडायचा, कधी नुसता गरम व्हायचा. दर आठवड्याला एकदा तरी मुलीने लावलेला फोन बंद लागायचा आणि ती वैतागायची.

"मामा, तुझं टेबल छान आहे, पण आईला फोन ठेवता येत नाही," ती म्हणाली.

"अगं, पोळपाटावर लाटणं ठेवण्याइतकं सोपं आहे," गुण्या हसून म्हणाला. "अक्का, मधोमध ठेवतेस ना? हाताला घाई असते तुझ्या."

"ठेवते की. माझाच हात वाकडा, त्याला तू काय करणार," अक्का म्हणाली.

हे संभाषण तीन महिन्यांत तीन-चार वेळा झालं. दर वेळी हसणं होतं. शेवटच्या वेळी भाची हसली नाही.

मग एका दुपारी अक्का स्वयंपाकघरात घसरली. घोटा मोडला. फोन गाऊनच्या खिशातच होता, रात्रभर टेबलावर ठेवलेला आणि तरीही बंद. साडेबारापासून पाचपर्यंत ती ओट्याखाली पडून होती. शेजारीण पडद्याची शिवण घालून घ्यायला आली तेव्हा कळलं.

इस्पितळात भाची आईला बोलली, गुण्याच्या समोरच. "एक वस्तू खुणेवर ठेवायची, आई. एक. ते जमत नाही आणि म्हणे एकटी राहते." अक्का भिंतीकडे पाहत राहिली. "खरंय तुझं," ती म्हणाली. "सोडू घर." घर सोडण्याची चिठ्ठी भाचीने त्याच संध्याकाळी लिहिली. अक्का इस्पितळातून आली की सही करून घरमालकाला द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी अक्काचे कपडे आणायला गुण्या तिच्या घरी गेला. सवयीने टेबलाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. उन्हाच्या तिरिपेत पॉलिशवर एक फिकट चौकोन दिसला. शिंप्याच्या खडूने फोनभोवती आखलेला, नंतर ओल्या फडक्याने पुसलेला. चौकोन चकतीभोवती नव्हता, बोटभर उजवीकडे होता.

गुण्याने टेबल आडवं केलं आणि खिशातली पट्टी खोबणीला लावली. उजव्या कडेपासून एकोणीस भरले.

कपडे पोचवताना त्याने अक्काला सहज विचारल्यासारखं विचारलं, "टेबलावर खडूने काय आखलं होतंस?"

"ते होय. तिथे ठेवला की बरा पकडायचा," अक्का म्हणाली. "आठ दिवस ठेवला तिथे. मग म्हटलं, गुण्याने खूण इथे केलीय तर इथेच असणार. त्याचं माप चुकेल का? माझंच काहीतरी चुकत असेल. पुसून टाकलं."

सांगायला तेव्हा जागा होती. शेजारी फक्त एक म्हातारी झोपलेली होती. गुण्या म्हणाला, "बरं, विश्रांती घे," आणि निघाला.

त्याने जे केलं ते नीट केलं, जसं तो सगळं करतो. टेबल कारखान्यात नेलं, खोबण डावीकडे वाढवली, तबकडी चकतीच्या बरोबर खाली सरकवली. वरून काहीच दिसत नव्हतं. अक्का यायच्या आधी टेबल जागेवर होतं. चूक दुरुस्त झाली, आता ती सांगून कुणाचं भलं होणार, असा हिशोब त्याने स्वतःशी मांडला. तो त्याला दोन दिवस पुरला.

तिसऱ्या दिवशी अक्का प्लास्टर घातलेल्या पायाने घरी आली. आठवडाभरात सामान बांधायचं होतं. भाची घडी केलेली खोकी घेऊन आली, गुण्या ती उघडायला. अक्काने पलंगावर बसल्या बसल्या फोन चकतीवर ठेवला. पकडला. उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा पकडला. असं तिने सहा वेळा केलं.

"बघ," ती मुलीला म्हणाली, "आता जमायला लागलं. आधी माझं लक्षच नसायचं."

"आता जमून काय उपयोग, आई," भाची खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाली. "आज जमलं, उद्या विसरशील."

"तेही खरंच," अक्का म्हणाली. तिने चिठ्ठी मांडीवर घेतली आणि आखडलेल्या बोटांत पेन धरायला लागली.

"थांब," गुण्या म्हणाला. "तिला जमत नव्हतं असं नाही. तबकडी चुकीच्या जागी होती. मी फळी उलटी करून उलटं मोजलं. अक्का इस्पितळात होती तेव्हा टेबल नेऊन दुरुस्त केलं."

भाचीने चिकटपट्टी खाली ठेवली.

"कधी कळलं तुला?"

"पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे मी तिला बोलले ते ऐकून, दुसऱ्या दिवशी कळूनही तू इतके दिवस गप्प बसलास." ती आईकडे वळली.

अक्काला पडल्याचा राग आला नव्हता. साडेचार तास फरशीवर काढल्याचाही नाही. "तीन महिने," ती म्हणाली, "पहिलीतल्या पोरीसारखी फोन ठेवायचा सराव करत होते मी. आणि तू म्हणालास, हाताला घाई असते." मग तिने चिठ्ठीची घडी केली आणि उशीखाली सरकवली. "प्लास्टर निघेपर्यंत मी हिच्याकडे जाते. मग परत इथे. तू जा आता."

गुण्या गेला. दोन महिने अक्का त्याच्याशी बोलली नाही. खुशाली भाचीकडून कळायची, तीही तुटकपणे. कारखान्यातून त्याने तशी आणखी अकरा टेबलं विकली होती. एकेका घरी जाऊन त्याने सगळी आडवी करून मोजली. सगळी बरोबर निघाली. त्यामुळे त्याला बरं वाटलं नाही. चुकलं होतं ते एकच, आणि ते तिचं.

अक्का आपल्या घरी परतली त्या संध्याकाळी सहा वाजता गुण्याचा फोन वाजला.

"एक्क्याऐंशी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सहाला, "अठ्ठ्याहत्तर." तेवढंच. फोनमध्ये किती टक्के वीज उरली आहे, तो आकडा. हालहवाल नाही, जेवलास का नाही. गुण्या तेव्हापासून पावणेसहाला मशीन बंद करतो, हात पुसतो आणि फोन समोर घेऊन बसतो. आकडा ऐकतो, "बरं" म्हणतो. अर्ध्या वेळा "बरं" पूर्ण व्हायच्या आत फोन बंद झालेला असतो.

गेल्या आठवड्यात आकडा आला, "एकोणतीस."

तो उभाच राहिला. "एवढा कमी कसा? पकडत नाही का? मी येतो आत्ता."

"बस खाली," अक्का म्हणाली. "दिवसभर शेजारणीच्या सुनेशी व्हिडिओवर बोलत होते, तिला काज करायला शिकवत होते. सगळं काही तुझ्यामुळेच होतं असं नाही."

त्या दिवशी फोन तिने लगेच ठेवला नाही. थोड्या वेळाने पलीकडून शिलाई मशीनचा आवाज यायला लागला, तो त्याने ऐकला.