पंख्याचा तक्ता
परवा बोथ गावातल्या दुकानात ग्रीसचा डबा उघडला आणि त्या वासासरशी पैनगंगेवरची एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची एक सकाळ समोर उभी राहिली. नदीचा वेग मोजणाऱ्या सरकारी माणसाला मी डोंगा भाड्याने देत असे. तो पाण्यात पितळी पंखा सोडायचा, त्याचे फेरे मोजायचा आणि छापील तक्त्यावरून वेग काढायचा. प्रत्येक पंख्याचा तक्ता वेगळा. एकदा त्याचा ग्रीसचा डबा हरवला, तेव्हा त्याने चारचौघांत मला चोर म्हटलं. डबा त्याच्याच पेटीत सापडला, पण शब्द काही त्याने मागे घेतला नाही. पुढे त्याला नवा पंखा मिळाला आणि महिन्याभरात त्या पंख्याचा तक्ता डोंग्यात पडलेला मला दिसला. मी तो खिशात घातला. त्याच सकाळी त्याचे साहेब तपासणीला आले. नवा तक्ता सापडेना, म्हणून त्यांनी जुन्या पंख्याच्या तक्त्यावरून वेग काढून पाहिला, तर त्याच्या नोंदवहीतला एकही आकडा जुळेना. "घर बैठके लिखरा क्या रे?" साहेब ओरडले. त्याने सगळी पेटी उपसली, मग माझ्याजवळ आला. "दादा, तुमी पाह्यला काय तक्ता? नोकरी जाईन माही." मी हळूच म्हणालो, "आधी सगळ्यांसमोर माफी माग, मग सांगतो." त्याने हात जोडले. "मी यायले चोर म्हटलं, चुकलो," तो मोठ्याने म्हणाला. "माफ केलं," मी म्हणालो, "पण तक्ता काही मी पाह्यला नाही." त्याची नोकरी गेली. ठरलेला सौदा मी आयुष्यात तेवढा एकच मोडला. तक्ता अजून माझ्या कपाटात आहे, आणि चोर म्हणवून घ्यायला मी आजही तयार नाही.